सहारच्या शेतांखालचे स्थानक

कोल्हापूरहून परदेशी निघालेल्या माणसाचा मार्ग वर्षानुवर्षे ठरलेला आहे. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसावे, सकाळी दादरला किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे आणि तेथून बॅगा सांभाळीत, टॅक्सीवाल्याशी भाडे ठरवीत, वाहनांच्या गर्दीतून सहारला पोहोचावे. आखातात नोकरीसाठी जाणारा तरुण असो, परिचारिका म्हणून परदेशी निघालेली मुलगी असो, की लेकीच्या बाळंतपणासाठी सातासमुद्रापार निघालेली आई असो, या शेवटच्या टप्प्याची धास्ती सर्वांनाच असे. ९ ऑक्टोबर २०२५ पासून या मार्गात मोठा पालट झाला. टर्मिनसच्या परिसरातच जिना उतरून भूमिगत मेट्रोत बसायचे आणि मुंबईच्या पोटातून थेट विमानतळाच्या स्थानकावर वर यायचे, अशी सोय त्या दिवसापासून झाली.

सोय झाली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु प्रत्येक सोयीला एक इतिहास असतो आणि तो बहुधा सोय भोगणाऱ्याच्या दृष्टीआड असतो. सरकत्या जिन्यावरून वर येताना आपल्या डोक्यावर कोणाची भूमी आहे, तेथे पूर्वी काय पिकत होते, कोणत्या घंटेच्या नादावर तेथील माणसे गुडघे टेकीत होती, हे प्रश्न प्रवाशाच्या मनात येण्याचे कारण नाही. ख्रिस्ती वाचकाच्या मनात मात्र ते यावेत, असे वाटते. कारण ती भूमी आपल्याच भावंडांची होती.

आज जेथे मुंबईचा विमानतळ पसरला आहे, तो सारा प्रदेश जुन्या साष्टी बेटाचा भाग. १५३४ च्या तहाने वसई व तिच्या आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि फ्रान्सिस्कन व येशूसंघीय मिशनऱ्यांनी साष्टीतील गावांत सुवार्तेचे कार्य आरंभिले. मरोळजवळील कोंडिविटे या गावी येशूसंघीयांनी १५७९ मध्ये बाप्तिस्ता योहानाच्या नावाने मंदिर बांधले. मरोळ, चकाला, सहार, कोळे-कल्याण म्हणजे आजचे कलिना, विलेपार्ले, आंबोली अशा गावांतून ख्रिस्ती वस्ती रुजली. ही माणसे बाहेरून आलेली नव्हती. येथीलच शेतकरी, कोळी, कारागीर अशा समाजांतून ती ख्रिस्तसभेत आली होती. धर्म बदलला, पण माती बदलली नाही आणि बोलीही बदलली नाही. त्यांच्या घरात जी भाषा बोलली गेली ती मराठीचीच एक बोली होती. भातशेती हा बहुतेकांचा मुख्य आधार होता.

१७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली वसई मराठ्यांनी जिंकली. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. राजवटी तीन झाल्या, गावे मात्र तीच राहिली. एकोणिसाव्या शतकात गोव्याकडून व मंगळूरकडून ख्रिस्ती लोक नोकरीधंद्यासाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा येथील मूळच्या ख्रिस्ती लोकांना आपली वेगळी ओळख सांगण्याची गरज वाटली. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना केली. हे नाव ऐकून पुष्कळांचा असा समज होतो, की ही मंडळी भारताच्या पूर्व भागातून आली असावीत. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. ही मुंबईची, साष्टीची, वसईची भूमिपुत्र मंडळी होत. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून तिच्या चाकरीत असल्याची खूण त्या नावात आहे, एवढेच.

कोंडिविट्याच्या मंदिराची कथा या लेखाच्या विषयाशी निगडित आहे. १८४० मध्ये गावात साथीचा रोग पसरला, लोकांनी गाव सोडले आणि धर्मग्राम मरोळला हलले. तेथे सुवार्तिक संत योहानाच्या नावाने नवे मंदिर उभे राहिले आणि जुन्या मंदिरातील वेदी, बाप्तिस्मा-कुंड अशा पूज्य वस्तू तेथे नेण्यात आल्या. जुने मंदिर छप्पर गमावून उभे राहिले. पुढे तो परिसर औद्योगिक वसाहतीसाठी घेण्यात आला आणि १९७३ मध्ये तेथे निर्यातीसाठी माल बनविणाऱ्या कारखान्यांचे 'सीप्झ' हे क्षेत्र स्थापन झाले. तेव्हापासून ते भग्न मंदिर कुंपणाच्या आत आहे. परवान्याशिवाय आत जाता येत नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, जुन्या गावकऱ्यांचे वंशज तेथे मिस्सासाठी जमतात. ज्या भूमिगत रेल्वेचा इतिहास आपण पाहात आहोत, तिच्या एका स्थानकाचे नाव 'सीप्झ' आहे. कोंडिविटे हे नाव त्या मार्गावर कोठेही नाही.

आता विमानांकडे वळू. मुंबईचे पहिले विमानतळ जुहूचे, १९२८ मध्ये स्थापन झालेले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन स्वतः विमान चालवीत तेथेच उतरले. पण जुहू समुद्राला खेटून आहे. पावसाळ्यात तेथील भूमी चिखलमय होई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने थोडे आत, सांताक्रूझ येथे, मोठी धावपट्टी असलेला तळ उभारला. १९४२ पासून १९४७ पर्यंत तेथे त्यांची पथके होती. युद्ध संपले, स्वातंत्र्य आले आणि १९४८ च्या सुमारास मुंबईची प्रवासी विमानवाहतूक जुहूहून सांताक्रूझला आली. ८ जून १९४८ रोजी 'मलाबार प्रिन्सेस' नावाचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि भारताची स्वतःची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. १९५८ मध्ये सांताक्रूझला प्रवाशांसाठी नवी इमारत झाली.

सांताक्रूझ या पोर्तुगीज नावाचा अर्थ पवित्र क्रूस. म्हणजे स्वतंत्र भारताचे आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वार कित्येक वर्षे पवित्र क्रूसाच्या नावाने ओळखले जात होते आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्षही जात नव्हते. २ डिसेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल याच विमानतळावर उतरले. अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त महोत्सवासाठी ते आले होते. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या आठवणीत ओव्हल मैदानावरचा तो जनसागर अजून ताजा असेल.

विमाने मोठी होत गेली, प्रवासी वाढले. १९६७ मध्ये नेमलेल्या टाटा समितीने आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी स्वतंत्र इमारत असावी, असे सुचविले. १९७१ मध्ये एअर इंडियाकडे पहिले जंबो जेट आले. १९७२ मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले आणि सांताक्रूझच्या ईशान्येस सहार येथे नव्या इमारतीचे काम हाती घेण्यात आले. २१ सप्टेंबर १९७९ रोजी सांताक्रूझच्या इमारतीस आग लागून तीन प्रवासी मृत्यू पावले. जानेवारी १९८१ मध्ये सहारची इमारत सुरू झाली. आणि मग जग सांताक्रूझऐवजी 'सहार विमानतळ' असे म्हणू लागले.

एका लहानशा ख्रिस्ती गावाचे नाव अशा रीतीने जगाच्या नकाशावर गेले. नाव गेले, पण शेते गेली ती परत आली नाहीत. धावपट्ट्या, गोदामे, हँगर, कर्मचाऱ्यांच्या वसाहती, रस्ते, हॉटेले यांच्यासाठी सभोवारच्या गावांची जमीन टप्प्याटप्प्याने संपादित होत गेली. साष्टीच्या ज्या खाचरांत भात पिके, तेथे डांबर पसरले. गावकऱ्यांच्या हाती उरली ती गावठाणे : घरांची दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, ठिकठिकाणी उभारलेले क्रूस आणि गावचे मंदिर. सहार गावातील आरोग्यमातेचे मंदिर आज विमानांच्या घरघरीत उभे आहे. मिठी नदीवरही हीच वेळ आली. विमानतळाच्या विस्तारात तिचा प्रवाह वळविला गेला आणि धावपट्टीखालून तिला वाट काढावी लागली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, मिठीचे पाणी सर्वत्र पसरले आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. बुजविलेल्या, वळविलेल्या गोष्टी केव्हातरी स्वतःची आठवण करून देतात.

येथे आणखी एका समाजाचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. विमानतळ बांधण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी जे मजूर आले, त्यांनी तेथेच झोपड्या बांधल्या. सहार रस्त्यालगतची 'अण्णावाडी' ही वस्ती १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी तमिळनाडूतून आणलेल्या मजुरांनी वसविली. ज्यांची जमीन गेली ते एका बाजूस, आणि ज्यांना कधी जमीन नव्हतीच ते दुसऱ्या बाजूस. मधून विमाने उडत होती.

१९९९ मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले आणि २०१८ मध्ये त्या नावात 'महाराज' हा शब्द अधिकृतपणे जोडला गेला. २००६ मध्ये विमानतळाचा कारभार खाजगी भागीदारीकडे गेला. जुनी आंतरराष्ट्रीय इमारत पाडून तिच्या जागी नवे 'टर्मिनल दोन' उभे राहिले. जानेवारी २०१४ मध्ये त्याचे उद्‌घाटन आणि फेब्रुवारीत प्रत्यक्ष प्रारंभ झाला. सहार हे नाव बोलण्यात राहिले, पाट्यांवरून पुष्कळ अंशी पुसले गेले.

विमानतळ आणि रेल्वे यांचे नाते मोठे विलक्षण आहे. पहिली भूमिगत रेल्वे लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. त्या वेळी विमानाचा शोधही लागलेला नव्हता. गाडी वाफेच्या इंजिनावर चाले आणि प्रवासी धुराने काळवंडत. पुढे वीज आली आणि भूमिगत रेल्वे स्वच्छ झाली. जगभर विमानतळ मात्र शहराबाहेर, मोकळ्या शेतजमिनीवर बांधले गेले आणि लवकरच असे दिसू लागले, की आकाशात वाचविलेले तास शहराच्या रस्त्यांवर खर्च होत आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराने १९६८ मध्ये आपली जलद रेल्वे विमानतळापर्यंत नेली. लंडनची भूमिगत रेल्वे १६ डिसेंबर १९७७ रोजी हीथ्रो विमानतळाच्या मध्यभागी पोहोचली. त्याच हीथ्रोवर त्याआधी, १९६८ मध्ये, संत जॉर्जचे एक प्रार्थनामंदिर जमिनीखाली बांधले गेले होते. सर्व ख्रिस्ती पंथांसाठी असलेले ते मंदिर कमानदार तळघरासारखे आहे. म्हणजे त्या विमानतळावर प्रार्थना रेल्वेच्या आधी जमिनीखाली पोहोचली!

भारतात पहिली भूमिगत रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्यात धावली. विमानतळावरील पहिले भूमिगत स्थानक मिळाले ते दिल्लीला, २३ फेब्रुवारी २०११ रोजी. तो मार्ग सुरुवातीस खाजगी कंपनीकडे होता. जुलै २०१२ मध्ये बांधकामातील दोषांमुळे गाड्या थांबवाव्या लागल्या, त्या जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि त्याच वर्षाच्या मध्यास दिल्ली मेट्रोने कारभार स्वतःकडे घेतला. भूगर्भातील काम किती जोखमीचे असते, याचा हा धडा होता.

मुंबईला हे भाग्य उशिरा लाभले, याचे आश्चर्य वाटते. आशियातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे याच शहरातून धावली होती. परंतु मुंबईचे लोहमार्ग उत्तर-दक्षिण दोन रेषांत गेले आणि विमानतळ त्या दोन रेषांच्या मध्ये राहिला. सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी ही उपनगरी स्थानके जवळ असूनही विमानतळापर्यंत नेणारा रूळ नव्हता. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर ही शहरातील पहिली मेट्रो सुरू झाली. तिच्यावर 'एअरपोर्ट रोड' नावाचे स्थानक आहे, पण ती मेट्रो खांबांवरची आहे आणि नाव सांगते तसे ते स्थानक विमानतळाच्या रस्त्याजवळ आहे, विमानतळावर नव्हे. विमाने जेथून उतरतात त्या पट्ट्यात उंच खांब उभारता येत नाहीत. खाली जाणे हाच मार्ग होता.

कुलाब्यापासून वांद्रे, विमानतळ व सीप्झमार्गे आरेपर्यंत जाणारी 'मेट्रो तीन' ही मुंबईची पहिली भूमिगत मेट्रो. लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानके २७, त्यांपैकी २६ भूमिगत. केंद्र व राज्य सरकार यांच्या संयुक्त कंपनीने ती बांधली आणि खर्चाचा मोठा वाटा जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार संस्थेच्या कर्जातून आला. आरंभीचा अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता, तो वाढत वाढत ३७,२७६ कोटींवर गेला. प्रत्यक्ष काम २०१६ च्या अखेरीपासून सुरू झाले.

भूगर्भातील हे काम कसे चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. स्थानकाच्या जागी प्रथम मोठा खड्डा खणतात. त्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून चहूबाजूंनी काँक्रीटचे खांब रोवून भिंत करतात. मग मुंबईच्या पोटातील काळा कातळ फोडीत खाली जातात, तळ बांधतात आणि वरून छत घालून रस्ता पूर्ववत करतात. जेथे वर दाट वस्ती असते आणि खड्डा खणता येत नाही, तेथे विवरातून आत शिरून बोगद्यासारखेच स्थानक कोरावे लागते. दोन स्थानकांमधील बोगदे मात्र यंत्र खणते. लांबलचक नळकांड्यासारखे हे यंत्र पुढील फिरत्या चकतीने कातळ कुरतडते, राडारोडा मागे पाठविते आणि जसजसे पुढे सरकते तसतशी आपल्या मागे काँक्रीटच्या तयार तुकड्यांची कडी बसवीत जाते. कडीला कडी जोडून बोगदा तयार होतो. जाण्याचा एक, येण्याचा एक, असे दोन बोगदे शेजारी शेजारी असतात.

या मार्गासाठी अशी १७ यंत्रे वापरण्यात आली आणि त्यांना महाराष्ट्रातील नद्यांची नावे देण्यात आली : कृष्णा, गोदावरी, वैतरणा, सूर्या, तापी, वैनगंगा. कृष्णाकाठच्या आपल्या मुलखाचेही नाव अशा रीतीने मुंबईच्या तळाशी जाऊन आले. मरोळच्या बाजूने खणत निघालेली 'गोदावरी' सप्टेंबर २०१८ मध्ये टर्मिनल दोनच्या स्थानकात कातळ फोडून बाहेर पडली आणि संपूर्ण मार्गावरील ती पहिली फत्ते ठरली. योगायोग असा, की ज्या मरोळ-सहारच्या मातीत वरून नांगर चालला होता, त्याच मातीच्या खालून या कामाचे पहिले यश आले. अन्यत्र हेच बोगदे मिठी नदीच्या पात्राखालूनही नेण्यात आले.

या कार्याला वेदनेची किनारही आहे. गाड्यांच्या आगारासाठी आरे येथील हिरवा पट्टा निवडला गेला. त्या परिसरात वारली आदिवासींचे पाडे आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळताच रातोरात झाडे तोडण्यास प्रारंभ झाला, तरुण रस्त्यावर आले, अनेकांना अटक झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. २०२० मध्ये आगार कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ मध्ये तो निर्णय फिरवून ते पुन्हा आरेलाच आले. एप्रिल २०२३ मध्ये, मंजूर संख्येपेक्षा अधिक झाडे तोडू पाहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीला दहा लाख रुपयांचा दंड केला. मेट्रोमुळे रस्त्यावरील वाहने व धूर कमी होतात, हेही खरे. आणि त्यासाठी दिलेली किंमत ज्यांच्याकडून घेतली गेली त्यांना पुरेसे विचारले गेले नाही, हेही खरे. या दोन सत्यांपैकी एकाला धरून दुसऱ्याला सोडणे सोपे असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाऊदातो सी' या परिपत्राद्वारे पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास आपल्याला शिकविले आहे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा पंतप्रधानांच्या हस्ते उद्‌घाटित झाला आणि ७ ऑक्टोबरपासून प्रवासी त्यातून जाऊ लागले. या टप्प्यात दहा स्थानके होती. त्यांत विमानतळाला जोडून तीन : टर्मिनल एक, सहार रोड आणि टर्मिनल दोन. मे २०२५ मध्ये मार्ग वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आला. त्याच महिन्यात, २६ तारखेला, वेळेआधी कोसळलेल्या पावसाने त्या चौकातील नव्या स्थानकात पाणी शिरले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेवटच्या टप्प्याचे उद्‌घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कफ परेडपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याच ८ ऑक्टोबरला नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्‌घाटन झाले. म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाला टर्मिनसपासूनची रेल्वे मिळाली, त्याच दिवशी त्याला धाकटा भाऊही मिळाला.

विमानतळाच्या त्या तीन स्थानकांची नावे पुन्हा एकदा वाचावीत. दोन नावांत विमानतळाचे संक्षिप्त नाव आणि इमारतीचा क्रमांक आहे. मधल्या एका नावात मात्र 'सहार' हा शब्द शिल्लक आहे. तोही गाव म्हणून नाही, रस्ता म्हणून. तरीही तो शिल्लक आहे, ही लहान गोष्ट नव्हे. गाडीतील ध्वनिक्षेपक दिवसातून कित्येकदा ते नाव उच्चारतो. भातशेतीच्या एका गावाची ही एवढीच जाहीर स्मृती.

वाचकबंधुभगिनींनो, जमिनीखाली जाणे ख्रिस्तसभेला नवे नाही. रोममधील आपल्या पूर्वजांनी आपले मृत भुयारी दफनभूमीत ठेवले आणि हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी ते प्रार्थनेसाठी जमत. त्या भुयारांच्या भिंतींवर त्यांनी उत्तम मेंढपाळाचे चित्र काढले, मासा काढला, नांगर काढला. भूगर्भ म्हणजे विस्मृतीची जागा, असे जग मानते. आपल्या परंपरेत ती स्मृतीची जागा आहे. मुंबईच्या भुयारात चित्रे नाहीत असे नव्हे, पुष्कळ स्थानकांतून शोभेच्या कलाकृती आहेत. प्रश्न एवढाच आहे, की वरच्या भूमीची स्मृती खाली कोण जागवणार?

विमानचालकांची आश्रयदात्री कोण, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसेल. २४ मार्च १९२० रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या कारकीर्दीत लोरेतोच्या पवित्र मरियेला हा मान देण्यात आला. इटलीतील लोरेतो येथे नाझरेथचे पवित्र घर आहे, अशी श्रद्धा आहे. देवदूतांनी ते घर उचलून आकाशमार्गे आणले, अशी जुनी कथा सांगितली जाते. म्हणूनच उडणाऱ्यांनी तिला आपली माता मानले. या कथेकडे सहारच्या बाजूने पाहिले, तर तिचा वेगळाच अर्थ मनात उतरतो. विमानप्रवाशांची माता ही जागा सोडावी लागलेल्या घराची गृहिणी आहे. एका भूमीतून उठून दुसऱ्या भूमीत रुजणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक आहे. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी आपण तिच्याकडे विनवणी करतो. ज्यांच्या शेतांवरून ती मुले उडतात, त्यांच्यासाठीही करावयास हवी.

जुन्या करारातील नाबोथाची कथा येथे स्मरणात येणे स्वाभाविक आहे. राजवाड्याला लागून असलेला मळा राजाला हवा होता. मोबदलाही तो देऊ करीत होता. नाबोथाने नकार दिला, कारण तो मळा वाडवडिलांचा वारसा होता. विमानतळ व रेल्वे ही एका अहाबाची हौस नाही, सर्वांच्या उपयोगाची कामे आहेत. त्यामुळे दोन्ही गोष्टी सारख्या मानणे न्यायाचे होणार नाही. परंतु त्या कथेतील एक सत्य येथेही लागू पडते : जमिनीची किंमत आणि वारशाचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकारी दराने चुकती करता येते. दुसऱ्याची भरपाई केवळ आदराने आणि आठवणीने होऊ शकते.

हा विषय आपल्या कोल्हापूरपासून दूरचा नाही. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, १९३९ मध्ये, उजळाईवाडीच्या माळावर आपला विमानतळ सुरू झाला. मध्यंतरी कित्येक वर्षे तो जवळजवळ ओस होता. २०१८ पासून नियमित सेवेने त्याला पुन्हा जीवदान दिले आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले. धावपट्टी वाढवायची म्हणजे शेजारच्या शिवारात जावे लागते. गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. आपली विमानसेवा वाढावी, अशी इच्छा आपण सर्वच करतो. ती करतानाच, ज्यांच्या बांधावरून धावपट्टी पुढे सरकते, त्यांच्या अंगणात जाऊन बसण्याची तयारीही ठेवली पाहिजे.

आणखी एक काम आपल्या हातचे आहे. महसुली दप्तरातून शेतांची नावे जातात, नकाशावरून गावे पुसली जातात. परंतु धर्मग्रामाच्या नोंदवह्या टिकून असतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींत कुटुंबाचे नाव असते, गावाचे आणि पुष्कळदा पाड्याचेही नाव असते. कोंडिविट्याचे गाव उठले तरी त्याची मुळे मरोळच्या धर्मग्रामात शोधता येतात, ती याच कारणाने. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या वह्या वाळवीपासून वाचवाव्यात आणि घरातील वृद्धांकडून शेतांची, विहिरींची, क्रूसांची नावे विचारून लिहून ठेवावीत. यासाठी विद्वत्ता लागत नाही, वही आणि सवड लागते.

यापुढे आपल्यापैकी कोणी विमानतळासाठी त्या भूमिगत गाडीत बसेल, तेव्हा सहार रोड स्थानक येईल. दारे उघडतील आणि लगेच मिटतील. तेवढ्या अवधीत वर असलेल्या गावासाठी, त्या मंदिरासाठी आणि त्या कातळात राबलेल्या अनाम मजुरांसाठी एक 'नमो मरिया' सहज म्हणून होते. पुढचे स्थानक टर्मिनल दोनचे आहे. तेथे सामान घेऊन उतरायचे असते.